कौलारू घराला वादळाचा विमा : हप्ता भरावा की आधी छप्पर बांधून घ्यावे?

पाखाडी :
३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपत गुजरातकडे गेले. तेव्हापासून "घराचा विमा काढा" असा आग्रह सगळीकडे ऐकू येतो. कोकणातल्या कौलारू किंवा पत्र्याच्या घराचा मालक हाती थोडेच पैसे राखून असेल, तर ते त्याने आधी छपरात घालावेत असे माझे ठाम मत आहे.

वारा छप्पर नुसते दाबत नाही, उचलतो. सर्वांत जास्त ओढ पाख्याच्या (छपराच्या उताराच्या) कडांवर, आढ्यावर (दोन्ही पाखे वर जिथे मिळतात तिथल्या तुळईवर) आणि भिंतीबाहेर आलेल्या भागावर बसते. म्हणून पडवी आधी जाते. पडवी गेली की वारा माजघरात शिरतो, आतून फुगवटा येतो आणि मुख्य पाखाही उचलला जातो. मंगलोरी कौलाच्या पाठीला तारेसाठी भोक असलेला कान असतो. पण आपल्याकडे कौल रिपेवर (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर) नुसते टेकवतात, तार बांधतच नाहीत. निदान कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्याजवळची ओळ गंज न धरणाऱ्या तारेने रिपेला बांधा. आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटात पक्की बसवा. पत्रे असतील तर कडेला जे-बोल्ट (J आकाराचे बोल्ट) दाट हवेत आणि प्रत्येकाखाली वॉशर हवा. गंजलेल्या बोल्टचा वारा आल्यावर काही उपयोग नाही. वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने आणि ते लाकूड भिंतीला बोल्टने जखडा. हे काम एकदा केले की बरीच वर्षे टिकते. हप्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो.

चिरेबंदी :
छपराबद्दल लिहिलेत ते सगळे मान्य. पण शेजारच्या आवारातला माड घरावर आडवा झाला तर तुमची तार काय करणार? वादळात माड, आंबा, फणस घरावर पडूनही घरे मोडतात, आणि त्यावर बोल्ट हा उपाय नाही.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. अटींचा मूळ मसुदा सगळ्या साधारण विमा कंपन्यांत एकच. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड यांच्यासोबत बाहेरची वस्तू घरावर आदळून होणारे नुकसानही येते, त्यात झाड पडणेही आले. २० लाखांच्या घराचा वार्षिक हप्ता बहुधा २००० रुपयांच्या आतच बसतो. छपराचे काम तेवढ्यात होते का, सांगा.

"सरकार देईल" म्हणणाऱ्यांसाठी आकडे. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. साडेसहा हजारांत एक पाखा तरी परत उभा राहतो का?

पाहणी_अहवाल :
दोघेही एक गोष्ट सोडून देताहात. पॉलिसी काढताना केलेली चूक दाव्याच्या वेळी वसूल होते.

१) विमा रक्कम म्हणजे घराचा बाजारभाव नव्हे. आतले क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढेच. ८०० चौरस फूट आणि २,२०० रुपये दर धरला तर १७ लाख ६० हजार. जागेची किंमत यात येत नाही. क्षेत्रफळ खरे लिहिले असेल तर विमा रक्कम कमी पडली म्हणून दाव्यात कपात करायची नाही, अशी या पॉलिसीत तरतूद आहे. खोटे लिहिले तर ते संरक्षण जाते.

२) कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, सौर पॅनेल, पडवी हे सगळे घरात धरता येते, पण त्यांचा खर्च विमा रकमेत मिळवावा लागतो. पंधरा फुटांवरची गडग्याची भिंत पडली आणि तिचा खर्च धरलाच नव्हता, तर वाद होणारच.

३) घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतात. पण वादळात वीज लपंडाव करून फ्रिज किंवा टीव्ही जळला तर तो विजेचा बिघाड. आकाशातली वीज पडून झाला तरी यंत्राचे ते नुकसान वगळलेले असते. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो.

४) भिंत किंवा छप्पर झावळ्या, गवत, बांबू, फळ्या, ताडपत्रीचे असेल तर ते कच्चे बांधकाम. मूळ घर चिऱ्याचे आणि पुढची पडवी झापांची असेल तर प्रस्तावात (पॉलिसीच्या अर्जात) तसे लिहा. लपवू नका.

पाखाडी :
म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरते. एवढ्या अटी सामान्य माणूस वाचणार कधी? आणि "ही गळती जुनी आहे, झीज आहे" असे म्हणून दावे नाकारतात, त्याचे काय?

पाहणी_अहवाल :
झीज वगळलेली असते हे खरे. म्हणूनच पुरावा लागतो. दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, चारही बाजूंनी आणि आतून छपराचे फोटो काढा, तारीख दिसू द्या. पाखा शाकारल्याची पावती ठेवा. वादळानंतरचे फोटो त्याशेजारी ठेवले की वाऱ्याने कौल उडून आत आलेले पाणी वेगळे आणि वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी वेगळे दाखवता येते. वासा कुजलेला असेल आणि तो वाऱ्यात मोडला, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक तुटलेले टोक बघतो. ताजे तुटलेले टोक पांढरे-पिवळे आणि तंतुमय दिसते, कुजके काळे आणि भुसभुशीत. इथे पाखाडी यांचाच सल्ला उपयोगी. छप्पर सांभाळलेले असेल तर दावाही मजबूत होतो.

चिरेबंदी :
झाले की! मग विमा आणि छप्पर एकमेकांच्या विरुद्ध कुठे आहेत?

पाखाडी :
विरुद्ध आहेत असे मी म्हटलेले नाही, क्रम सांगितला. कुजलेल्या आढ्याच्या घराला विमा काढून निर्धास्त झोपणारा माणूस दोन्हीकडून जातो. विमा पैसे देईल, रात्री अंगावर पडणारे आढे अडवणार नाही.

खाडीकाठ :
मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटवाल्यांनीही लक्ष द्या. सोसायटीने इमारतीचा विमा काढावा हे उपविधींत आहे, पण त्यांतला भर आग आणि भूकंप यांवर आहे. गच्चीवरची शेड उडाली किंवा टाकी फुटली तर वादळ आणि पूर पॉलिसीत आहेत का, हे समितीला विचारा. आतल्या सामानाचा विमा मात्र ज्याचा त्याने काढायचा.

आणि कर्ज देताना बँकेने काढून दिलेली पॉलिसी बरेचदा कर्जाच्या रकमेएवढीच असते. ती बांधकाम खर्चाएवढी आहे का ते तपासा.

चिरेबंदी :
दावा कसा करायचा ते कोणीतरी क्रमाने लिहा. वादळ गेल्यावर वीज नसते, नेटवर्क नसते.

पाहणी_अहवाल :
काही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ. पडलेल्या झाडाचे बूड आणि शेंडा दोन्ही एका चित्रात यायला हवेत. मग लगेच ताडपत्री घाला. नुकसान वाढू न देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ताडपत्रीची पावती ठेवा, फुटकी कौले आणि मोडके वासे पाहणी होईपर्यंत एका बाजूला रचून ठेवा. नेटवर्क आले की पहिल्यांदा कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. तो सरकारी मदतीसाठी असतो, पण तारीख आणि कारण दोन्ही त्यात नोंदलेले असते. सुताराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या : किती कौले, किती फूट वासा, किती मजुरी. "छप्पर दुरुस्ती ८० हजार" अशी एका ओळीची चिठ्ठी हमखास कापली जाते.

मलबा हटवायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. घर राहण्याजोगे नसेल तर दुसरीकडचे भाडेही मागा. बागेतले माड-पोफळी मात्र घराच्या विम्यात नाहीत.

कंपनीने नाकारले तर कारण लेखी घ्या, आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करा. तिथे वकील लागत नाही.

पाखाडी :
गावचे घर आठ-दहा महिने बंद ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी एक करा. बंद घराबद्दलची अट पॉलिसीत शोधा आणि घर बंद राहणार असल्याचे कंपनीला आधीच लेखी कळवा. माझे मत बदललेले नाही, आधी छप्पर. पण ज्यांच्या आवारात घराच्या उंचीपेक्षा मोठा माड आहे, त्यांनी विमा काढलाच पाहिजे, एवढे मी मान्य करतो.

चिरेबंदी :
कोकणात असा माड नसलेले आवार दाखवा.