भारतातल्या सरोवरांची यादी: राज्यवार की खोरेवार?

जलरेषा: माझ्या मते वर्गवारीचा पहिला रकाना नदीखोऱ्याचा असावा. पुलिकत आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू दोन्हींत आहे. राज्यवार याद्या एकत्र केल्या की ते दोनदा मोजलं जातं आणि एकूण क्षेत्रफळ फुगतं. शिवाय राज्यांच्या सीमा बदलतात. २०१९ साली पँगाँग आणि त्सो मोरिरी जम्मू-काश्मीरच्या यादीतून लडाखच्या यादीत गेली. खोरं तसं बदलत नाही.

पाणथळ: मला हे पटत नाही. पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांत कोणतं सरोवर अधिसूचित करायचं याची शिफारस राज्याचं प्राधिकरण करतं. काठावर भराव पडला तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते. आणि खोरं तरी कुठे सरळ असतं? लोकटक ईशान्येत आहे म्हणून ब्रह्मपुत्रेत टाकलं तर चूक. त्याचा निचरा मणिपूर नदीतून म्यानमारमधल्या चिंदविन नदीकडे, पुढे तिथल्याच इरावतीत होतो. त्यातच जलविद्युत प्रकल्प त्याचं पाणी लेमाताक नदीत, म्हणजे बराक खोऱ्यात सोडतो. मग लिहायचं काय?

जलरेषा: नैसर्गिक निचरा एका रकान्यात, वळवलेलं पाणी दुसऱ्यात. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय कृष्णा खोऱ्यातच राहील. वीजगृहांतून वाशिष्ठीत जाणारं पाणी वेगळं नोंदवा.

समोच्च: तुम्हा दोघांच्याही यादीत खरी चूक त्याआधीच होते. उंचीच्या माहितीवरून खोरी आखताना संगणकप्रणाली पाण्याची वाट कुठे अडू नये म्हणून नकाशावरचे सगळे खळगे आधी भरून टाकते. लोणारचं सुमारे १.८ किमी व्यासाचं विवर बंद आहे, त्यातून पाणी बाहेर वाहत नाही. पण खळगा भरला की ते काठावरून सांडून गोदावरीला मिळाल्यासारखं दिसतं. राजस्थानातलं सांभर आणि लडाखमधलं त्सो कार हीसुद्धा अशीच बंद सरोवरं. म्हणून बंद सरोवरं आधी हाताने निवडा, त्यांचे सर्वांत खोल बिंदू भरण्यातून वगळा, मगच प्रवाहाची दिशा काढा. खोऱ्याच्या जागी ‘अंतर्गत निचरा’ लिहा. बाकीच्यांचं खोरं पाणी जिथून बाहेर पडतं त्या बिंदूवरून ठरवा. मध्यबिंदूवरून ठरवू नका, वाकड्या सरोवराचा मध्यबिंदू कधीकधी चक्क जमिनीवर येतो. क्षेत्रफळापुढे महिना हवाच, कारण पावसाळ्यानंतरचं सांभर आणि मे महिन्यातलं सांभर यांत फार फरक असतो.

पाणथळ: ‘अंतर्गत निचरा’ मान्य. पुलिकतला एकच क्रमांक देऊन राज्यनिहाय क्षेत्र वेगळं लिहिलं की दुबार मोजणीही टळते. पण मांडणी मी राज्यवारच ठेवेन. चिल्काच्या काठावरच्या पुरी, खुर्दा, गंजाम जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती यादी उघडतील तेव्हा ‘ओडिशा’ शोधतील, ‘महानदी’ नाही.