मदत हवी आहे: प्रायमाव्हेरा पी-सिक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी बांधकामाची कामं कंत्राटावर घेतो. आतापर्यंत वेळापत्रक एक्सेलवर आणि थोडंफार एमएस प्रोजेक्टवर बसवत आलो. नव्या कामाच्या करारात मात्र अट आहे की वेळापत्रक पी-सिक्समध्येच (प्रकल्पाचं वेळापत्रक बसवायचं सॉफ्टवेअर) हवं आणि दर महिन्याला अपडेट करून एक्सईआर फाइल (पी-सिक्समधून काढलेली वेळापत्रकाची फाइल) द्यायची.

डब्ल्यूबीएस (कामाची भागांत विभागणी), अ‍ॅक्टिव्हिटी, त्यांचे एकमेकांशी दुवे, क्रिटिकल पाथ (शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी), इथपर्यंत समजतं. अडतं ते अपडेटला. डेटा डेट (जिथपर्यंतची प्रगती नोंदवली ती तारीख) पुढे सरकवून, तारखा पुन्हा मोजायला एफ-नाइन दाबलं की काही कामं भलत्याच तारखांना जाऊन बसतात. क्रम सोडून आधी सुरू झालेल्या कामांसाठी 'रिटेन्ड लॉजिक' (आधीचं काम संपेपर्यंत उरलेलं काम थांबतं) ठेवायचं की 'प्रोग्रेस ओव्हरराइड'? माझा कल पहिल्याकडे आहे, कारण दुसऱ्यात आधीच्या अपुऱ्या कामाशी असलेला दुवाच सुटतो आणि शेवटची तारीख उगाच जवळ दिसू शकते. तुमच्याकडे क्लायंटचे प्लॅनर काय मान्य करतात?

प्लॅनर नेमता येईल, हे मान्य. पण उद्या मुदतवाढ मागायची वेळ आली तर मंजूर बेसलाइन (मूळ मान्य वेळापत्रक) आणि हे महिन्याचे अपडेटच पुढे ठेवावे लागणार. ते मला स्वतःला वाचता आलेच पाहिजेत.

पाहिलेले बहुतेक कोर्स नुसती बटणं दाखवतात. खऱ्या साइटच्या अपडेटचा सराव करून घेणारा कोर्स किंवा पुस्तक कुणी वापरलंय का? आणि घरच्या लॅपटॉपवर सरावाला पी-सिक्सची एसक्यूलाइट डेटाबेसवरची स्टँडअलोन (एकाच संगणकावर चालणारी) आवृत्ती पुरते का?