पुण्याच्या शाळेचं: जळगावच्या सोसायटी ग्रुपवर सकाळपासून

सौ. भंगाळे (बी-5): नमस्कार. जूनमध्ये यांची पुण्याला बदली आहे, सगळ्यांना माहीत आहेच. काल लेकीच्या पहिलीसाठी मुलींच्या एका कॉन्व्हेंटमध्ये जाऊन आलो. तिला फक्त नाव विचारलं. बाकी सगळी चौकशी आमची. यांचं शिक्षण कुठल्या माध्यमात, घरात इंग्रजी बोलता का. वर म्हणे जागा नर्सरीतच भरतात, कोणी सोडून गेलं तरच बघू. डोकं फिरलंय.

चौधरी काका (ए-2): आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13. मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करता येत नाही. पहिल्यांदा 25,000 पर्यंत दंड, पुढे दरवेळी 50,000. तक्रार करा.

पाटील भाऊ (सी-1): रविवारच्या भरीत पार्टीचे पैसे कोणाचे राहिले भो? वांगी बामणोदचीच आहेत.

नेमाडे सर (ए-4): पाटील, जरा थांबा. काका, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलंय. बऱ्याच कॉन्व्हेंट त्यातच येतात.

चौधरी काका (ए-2): कलम 13 वाचा.

जोशी काकू (ए-6): अगं, कॉन्व्हेंटच कशाला? मी हुजूरपागेची. 1884 ची शाळा आमची. बाकं उचलायची, स्टेज बांधायचं, गॅदरिंगचा हिशोब ठेवायचा, सगळं मुलींनीच. "हे मुलगे करतील" असं म्हणायला मुलगे होते कुठे? कॉलेजात गेल्यावर वर्गात उभं राहून प्रश्न विचारायला मी कधी कचरले नाही.

वाणी भाऊ (सी-3): काकू, मुलींचं पटतं. पण माझा भाचा फक्त मुलांच्या शाळेत शिकला. खेळ, शिस्त, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी, एक नंबर. मावसबहिणी आल्या की मात्र खोलीबाहेर येत नाही.

कोल्हे वहिनी (बी-2): आमच्या मुली इथल्याच शाळेत शिकून राहिल्या. काही बिघडलं नाही त्यांचं.

सौ. भंगाळे (बी-5): वहिनी, मी कोणाच्या मुलींबद्दल बोलले का?

कोल्हे वहिनी (बी-2): मी जनरल बोलले 🙏

वाणी भाऊ (सी-3): बी विंगची मोटर रात्रभर चालू होती, तेही जनरलच का?

कोल्हे वहिनी (बी-2): ते सेक्रेटरींना विचारा. आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरतो.

नेमाडे सर (ए-4): मोटरचं मीटिंगमध्ये बघू. भंगाळे वहिनी, नावावर जाऊ नका, शाखा आणि बोर्ड बघा. पुण्याच्या बिशप्स शाळेचंच उदाहरण घ्या, कॅम्पात फक्त मुलगे, कल्याणीनगर आणि उंड्रीला एकत्र, बोर्ड आयसीएसई. हुजूरपागा स्टेट बोर्डाची. पुन्हा बदली झाली तर बोर्ड बदलताना पोरीचेच हाल होतात. आणि 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होतात ना, तेही बघा. पालकांच्या इंग्रजीवर पोरीला तोलणारी शाळा मी तरी निवडणार नाही.

चौधरी काका (ए-2): म्हणूनच सांगतोय, कलम 13.

सौ. भंगाळे (बी-5): धन्यवाद सर. हे पण तेच म्हणत होते. काकू, संध्याकाळी येऊ का? हुजूरपागेचं नीट विचारायचंय.

जोशी काकू (ए-6): ये ना. लेकीलाही आण.

पाटील भाऊ (सी-1): चौधरी काका, भरीताचे तुमचेच राहिले.