धार्मिक संस्थांना एफएमचा परवाना का नको?

भायखळेकर:
खासगी एफएम रेडिओ केंद्रांच्या परवाना धोरणात धार्मिक संस्थांना आणि त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांना दार बंद आहे. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ही अट होती, २०११ च्या तिसऱ्यातही राहिली. माझं मत, काढून टाका. पूर्वी इथे खासगी केंद्राला मुभाच नव्हती, त्यामुळे फेबा रेडिओचे ख्रिस्ती कार्यक्रम हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्हवर यायचे. तिथे अँटेना उभ्या होत्या समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर! आमच्या चाळीत पप्पांच्या ट्रान्झिस्टरवर खरखरत लागायचे, तरी प्रार्थना संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. २००३ मध्ये तेही बंद झालं. पूर्वी मनाई निदान सगळ्यांनाच होती. आता गाण्यांना परवाना, उपासनेला नाही.

सायनकर:
ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. मुंबईत फ्रिक्वेन्सी मोजक्या आणि त्याही लिलावात. धारावीतल्या गाळ्यात पंचवीस माणसांची प्रार्थना घेणाऱ्या पास्टरला ती परवडणार आहे का? घेणार बडा ट्रस्ट. आणि एकाला दिली की मठ, दर्गे, बुवा सगळे रांगेत. नको ती कटकट.

भायखळेकर:
साहेब, बुवा आत्ताही आहेतच की. पहाटे टीव्ही लावा, पैसे भरून घेतलेल्या वेळेत प्रवचनं सुरू. मालकी नको, भाडं चालतं, हा कुठला सर्वधर्मसमभाव?

वसईवाला:
एक सांगतो, आम्हा कॅथलिकांना यात ओढू नका. आमच्याच पॅरिशमधली माणसं या नव्या फेलोशिपवाल्यांकडे, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळ्यांकडे, जातात आणि परत येऊन आम्हालाच विचारतात, ‘तुमचं पापातून तारण झालंय का?’ तरी परवाना द्यावा असंच म्हणेन. निदान रेडिओ बंद करता येतो. चेन्नईच्या एका फुल गॉस्पेल चर्चच्या ढोल-लाउडस्पीकरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही, असं न्यायालयाने २००० मध्ये सुनावलं. भोंग्यापेक्षा एफएम बरा.

सिस्टर_शिवडी:
बटण बंद करता येतं हो, पण ज्याला गरज आहे तोच ते लावून बसतो. आमच्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या, पायाची जखम काळी पडलेली, साखर मीटरच्या वर. चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, ‘मधुमेह गेला’ म्हणून साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाची करणी सांगितली, आणि इन्सुलिन सोडलं. नवरा उशाशी तेलाची बाटली घेऊन बसलेला, अभिषेकाचं तेल. मी त्यांच्या श्रद्धेला हसले नाही, हसणारही नाही. पण मधुमेह बरा करतो अशी औषधाची किंवा ताईत-मंत्राची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि साक्षीला मात्र कोणी जाहिरात म्हणत नाही. सभेत निदान शेजारचा माणूस ‘गोळ्या चालू ठेव गं’ म्हणेल. रेडिओवर कोण म्हणणार?

भायखळेकर:
ताई, असं सांगणारा पास्टर मलाही नको. आमचे पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग स्वतः दवाखान्यात घेऊन जातात. एकाच्या पापासाठी सगळ्या मंडळीला शिक्षा का? आमच्याकडे दारू सुटल्याची साक्ष देतात, बायको बाजूला उभी राहून रडत असते. ती लोकांपर्यंत जायला नको?

सिस्टर_शिवडी:
दारूची जाऊ दे की. आजार बरा झाल्याची साक्ष प्रसारणात नको, एवढी अट परवान्यात घाला. मग माझा विरोध नाही.

सायनकर:
आणि ते ऐकत कोण बसणार? मंत्रालयातला कारकून?

भायखळेकर:
अट मान्य. पण पहाटेच्या टीव्हीवरच्या महाराजांनाही तीच लावा.

वसईवाला:
मग पहाटे टीव्हीवर उरेल काय, फक्त मुंग्या?