पिकअपचे फॉगलाइट: वायरिंग आणि रोख

प्रश्न: आंबोली घाटातून पहाटे भाजीपाला नेणाऱ्या आमच्या पिकअपला बंपरखाली ५५ वॉटचे दोन फॉगलाइट बसवायचे आहेत. हेडलाइटच्या वायरीतूनच जोड द्यावा का, आणि दिव्यांचा रोख कसा साधावा?

उत्तर १: तसा जोड कृपया देऊ नका. १२ व्होल्टवर हे दोन दिवे मिळून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात, त्यामुळे बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीलगतच १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले (स्विचच्या छोट्या प्रवाहाने दिव्यांचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) हवाच. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरी, ८७ला दिवे, ८५ आणि ८६ला अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोड) व स्विच. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करा, नाहीतर दिवे मिणमिणतात.

उत्तर २: रोखासाठी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करून दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारा, प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. मात्र हे हौद्यात नेहमीचा माल असतानाच करा, कारण भरलेल्या गाडीचे मागचे पाटे दबून नाक वर उचलले जाते आणि रिकामेपणी साधलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

उत्तर ३: धुक्यात सोबत अप्पर लावू नये, प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.