मदत हवी आहे : जुन्या मोटारगाड्यांच्या तीन दिवसांच्या मेळाव्यात खंडाळ्याचा घाट ठेवावा का?

सर्व सदस्यांना नमस्कार.

ठाण्यात जुन्या गाड्या सांभाळणारे आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी पहाटे उपवन तलावाजवळ भेटतो. येत्या जानेवारीत प्रथमच शुक्रवार ते रविवार असा तीन दिवसांचा मेळावा करण्याचे ठरले असून, पुणे आणि नाशिक येथील स्नेही धरून एकवीस गाड्या येतील असा अंदाज आहे. पहिल्या दिवशी जवळपासची स्थळे, दुसऱ्या दिवशी लांबची सहल आणि रविवारी लोकांना पाहण्यासाठी गाड्यांचे प्रदर्शन, असा ढोबळ आराखडा आहे. मार्ग आखण्याचे काम माझ्याकडे आहे आणि दुसऱ्या दिवसापाशी मी अडलो आहे.

बहुतेकांची इच्छा लोणावळ्याला जाण्याची आहे. त्यामागे आठवणी आहेत, हे मी जाणतो. माझ्या वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आजही आमच्याकडे आहे. लहानपणी त्याच गाडीतून पुण्याला जाताना खोपोलीच्या वर शिंग्रोबाच्या देवळापाशी वडील गाडीचा वेग कमी करीत आणि आम्हां भावंडांपैकी एकाच्या हाती नाणे देत. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा त्यांचा नेम होता. वडील आता ८१ वर्षांचे आहेत आणि त्या वाटेने त्यांना पुन्हा एकदा स्वतःच्या गाडीतून जायचे आहे.

परंतु १०८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन चार माणसे आणि सामान घेऊन ६०० मीटरांहून अधिक उंचीवर चढताना काय सोसते, हेही मी पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर वाहतूक खोळंबली असताना आमच्या गाडीचे पाणी उकळले होते, आणि तो चढ खंडाळ्याच्या तुलनेत काहीच नाही. आमच्यात १९६६ ची फियाट डिलाइट, दोन अ‍ॅम्बॅसॅडर मार्क टू, एक स्टँडर्ड हेरल्ड आणि एक विलिस जीप आहे. अनेक मालक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि चाक दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नाहीत. त्यांचा हा हट्ट मला योग्य वाटतो, म्हणूनच मार्ग त्यांना झेपेल असा असावा अशी माझी तळमळ आहे.

पर्याय म्हणून मी अंबरनाथचे शिवमंदिर आणि कर्नाळा अभयारण्य यांचा विचार केला आहे. मंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील असून ठाण्याहून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. अडचण शिळफाट्याची आहे. तिथे अवजड वाहनांच्या रांगेत अडकल्यास सपाट रस्त्यावरही गाड्या तापतील.

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली जे नियम आले, त्यांनुसार वेगळी नोंदणी केल्याशिवाय अशा गाड्या मेळाव्यात आणता येणार नाहीत, असे एका सभासदाचे म्हणणे आहे. त्यामुळे दोघांनी येण्याचा बेतच रद्द केला आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

माझे नेरूळला पंचवीस वर्षे गॅरेज होते आणि फियाट व अ‍ॅम्बॅसॅडर या गाड्यांवरच माझे घर चालले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घाट चढणे अशक्य नाही, एकेकाळी याच गाड्या तो रोज चढत होत्या. मात्र तेव्हा त्यांना आपल्या चालीने जाता येत असे. आज जुना रस्ता धरला तरी वर गेल्यावर तो द्रुतगती मार्गाला मिळतो, आणि शनिवारी सकाळी मुंबईची सगळी गर्दी तिथेच असते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास थांबत-थांबत जाताना रेडिएटरला वारा मिळत नाही, पंख्याचा वेग इंजिनाबरोबर उतरतो आणि पाणी उकळते. त्याच उष्णतेने पंपातील आणि नळीतील पेट्रोलची वाफ होते व गाडी झटका देऊन बंद पडते. मेस्त्री लोक त्याला एअर लॉक म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवून वीस मिनिटे थांबले की ती पुन्हा सुरू होते, पण ही वीस मिनिटे घाटातल्या वळणावर उभे राहून काढणे धोक्याचे आहे. एकवीस गाड्यांच्या ताफ्यात एक जरी अशी थांबली तरी मागच्या सगळ्या तापतील.

मला चढण्यापेक्षा उतरण्याची अधिक काळजी वाटते. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिल्यास ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम पुण्याहून येणाऱ्या मंडळींना आवर्जून सांगावा, कारण त्यांना घाट उतरूनच यायचे आहे.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि ओलावाही धरून ठेवते. पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या डिसेंबरमध्येच बदलून घ्याव्यात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात. प्रत्येकाने पंख्याचा पट्टा, कॉइल, कंडेन्सर, प्लॅटिनम पॉइंट आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवावा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. त्या वाफेने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

माझे मत असे की ताफा घाटात नेऊ नये.

प्रतिसाद २

नोंदणीविषयी सांगतो, कारण माझ्या १९६४ च्या गाडीसाठी मी हे सर्व वाचून काढले आहे. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते; फेरनोंदणीला ५,००० रुपये लागतात आणि ती पाच वर्षांसाठी असते. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. अशी नोंदणी घेतल्यावर गाडी केवळ प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांची नेहमीची नोंदणी वेळोवेळी नूतनीकरण करून चालू आहे आणि विमाही चालू आहे, त्यांनी बेत रद्द करण्याचे कारण नाही. पद्मिनीला तर पन्नास वर्षे पूर्णच झालेली नाहीत.

मी ऐरोलीला राहतो, म्हणून शुक्रवारसाठी एक सुचवतो. येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. त्यांची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी ती ठरवावी आणि मग बाकीचे वेळापत्रक तिच्याभोवती बसवावे. तिथून पाम बीच रस्त्याने बेलापूरपर्यंत गाड्यांना मोकळा वारा मिळेल.

रविवारच्या मैदानासाठी प्रत्येक गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. जुन्या इंजिनातून तेल ठिबकतेच, आणि खेळाच्या मैदानावर डाग पडले तर पुढच्या वर्षी ते मैदान मिळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांना हे सर्व वाचून दाखवले. उतारावरच्या ब्रेकचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले की ताफा कर्नाळ्यालाच न्यावा. शनिवारी पहाटे साडेपाचला निघून शिळफाटा उजाडण्याआधी ओलांडायचा, अंबरनाथला दर्शन घ्यायचे आणि दुपारच्या आत कर्नाळ्याला पोहोचायचे, असे आता ठरवत आहे. नोंदणीची माहिती त्या दोन सभासदांना कळवली असून एकाने येण्याचे मान्य केले आहे.

शिंग्रोबाला मी वडिलांना फेब्रुवारीत एखाद्या मंगळवारी, गर्दी नसताना, एकट्या पद्मिनीतून नेईन. मेस्त्री मागच्या गाडीत असतील.

एक विचारणा उरली आहे. बंद पडलेली गाडी दोरीने टोचन करून नेण्यापेक्षा सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून नेणे जुन्या सांगाड्याला बरे असते. पनवेल किंवा कळंबोली परिसरात असा ट्रक तीन दिवसांसाठी भाड्याने देणारे कोणी ओळखीचे असल्यास कृपया मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे.