शब्दचर्चा : 'बायबली ईश्वरविज्ञान' आणि 'ख्रिस्तकेंद्री उपदेश'

अर्थशोधक : रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या विचारांतून आलेल्या प्रोटेस्टंट) परंपरेतल्या 'बिब्लिकल थिऑलॉजी'चा अभ्यास सुरू करायचा आहे. मराठीत काय म्हणावे? 'बायबली ईश्वरविज्ञान', 'बायबलनिष्ठ' की 'शास्त्रीय'? आणि 'ख्रिस्तकेंद्री उपदेश' म्हणजे प्रत्येक उपदेशात येशूचे नाव आले पाहिजे, एवढेच का?

बोरू : 'शास्त्रीय' आधी बाद करा, लोकांना गाणे आठवेल. 'बायबलनिष्ठ'ही नको. त्यातून बाकीचे ईश्वरविज्ञान बायबल सोडून चालते असा शेरा निघतो. इथे ते एका अभ्यासशाखेचे नाव आहे. पद्धतशीर ईश्वरविज्ञान 'पाप म्हणजे काय' असे विचारते आणि उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची वचने विषयवार मांडते. बायबली ईश्वरविज्ञान काळाच्या क्रमाने चालते : अब्राहामाला काय कळले होते, दाविदाच्या वेळी त्यात कोणती भर पडली, संदेष्ट्यांनी ते कुठवर नेले.

दोन शाखांमधला फरक योहान गाब्लर यांनी १७८७ साली आल्टडॉर्फ विद्यापीठातल्या भाषणात मांडला, पण त्यांचा हेतू वेगळा होता. रिफॉर्म्ड चौकटीत ही शाखा रुजवली ती गेरहार्डस व्हॉस यांनी, १८९३ पासून प्रिन्स्टनमध्ये शिकवताना. गंमत म्हणजे 'बिब्लिकल थिऑलॉजी' हे नाव त्यांनाही फारसे पसंत नव्हते. 'विशेष प्रकटीकरणाचा इतिहास' हे नाव अधिक बरे, असे त्यांचे मत. मराठीत हे लांबलचक नाव जास्त स्पष्ट आहे, असे मलाही वाटते.

ओनामा : 'रिफॉर्म्ड'चे 'सुधारित' करू नका. सुधारित आवृत्ती असते, सुधारित अंदाजपत्रक असते. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) किंवा वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली मानणाऱ्या परंपरेला 'रिफॉर्म्ड'च म्हणावे.

बोरू : सहमत. खरी अडचण मात्र आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांत आहे. 'करार' म्हटले की भाडेकरार आठवतो : दोन पक्ष, अटी, खाली दोघांच्या सह्या. करारासाठीचा हिब्रू शब्द 'बरीथ', आणि तो करण्यासाठी क्रियापद आहे 'कापणे'. उत्पत्ति १५ मध्ये अब्राम जनावरे चिरून अर्धे अर्धे समोरासमोर ठेवतो, आणि त्या तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी व जळती मशाल. अब्राम जात नाही, तो गाढ झोपेत आहे. शपथ एकाच पक्षाने वाहिली. हे ध्यानात न घेता 'कृपेचा करार' वाचला की अर्थ थेट सौदेबाजीकडे घसरतो. त्यात करारासाठीच्या ग्रीक 'दियाथेके'चा दुसरा अर्थ मृत्युपत्र, आणि इब्री ९:१६-१७ मध्ये बऱ्याच भाषांतरकारांनी तोच घेतला आहे.

अर्थशोधक : 'तारण' (पापापासून सुटका) हा शब्दही तसाच ना? घर तारण ठेवतात.

बोरू : हो, पण तिथे संदर्भ सांभाळून घेतो. 'उपदेश' सांभाळत नाही. मराठीत उपदेश म्हणजे कसे वागावे हे सांगणे. आपण 'उपदेशाचे डोस' म्हणतो ते उगाच नाही. नव्या करारात जे क्रियापद वारंवार येते, 'केरुस्सो', त्याचा अर्थ दवंडी पिटणे असा आहे. दवंडीवाला राजाने काय केले किंवा ठरवले ते सांगतो. ऐकणाऱ्याने काय करायचे ते त्यातून पुढे निघते. हा क्रम उलटला की नैतिक बोधकथा तयार होते.

नेहमीचे उदाहरण १ शमुवेल १७. 'दाविदासारखे धीट व्हा, तुमच्या आयुष्यातल्या गल्याथाला पाडा.' पण मजकूर काय म्हणतो? १६:१३ मध्ये दाविदाचा अभिषेक नुकताच झाला आहे. वचन ४ मध्ये गल्याथासाठी हिब्रूत 'दोघांमधला माणूस' असे शब्द आहेत, म्हणजे दोन सैन्यांच्या मध्ये उभा राहून आपल्या बाजूतर्फे एकटा लढणारा. इस्राएलकडून तसा कोणी पुढे येत नाही, सगळे घाबरलेले. मग अभिषिक्त राजा सर्वांच्या वतीने लढतो आणि वचन ५२ मध्ये लोक त्या विजयात धावत सामील होतात. ऐकणाऱ्याची जागा आधी त्या घाबरलेल्या सैन्यात आहे. इथून ख्रिस्ताकडे जायला उडी मारावी लागत नाही, रस्ता मजकुरातच आहे.

ओनामा : आणि ओढ्यातले पाच गोटे म्हणजे पाच सद्‌गुण?

बोरू : ते रूपक, प्रतिरूप नव्हे. प्रतिरूपासाठीचा ग्रीक शब्द 'तुपोस' म्हणजे ठोकून उमटलेला ठसा. योहान २०:२५ मध्ये खिळ्यांच्या व्रणांसाठी हाच शब्द आहे. प्रतिरूपात आधीची घटना खरी घडलेली असते, दोन्हींत सारखेपणा असतो आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी असते. गणना २१ मधला पितळी साप आणि योहान ३:१४ हे सरळ उदाहरण. राहाबेच्या खिडकीतला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, हा अर्थ रोमच्या क्लेमेंटच्या पत्राइतका जुना आहे, पण त्याला आधार फक्त रंगाचा. जुना आहे म्हणून तो पक्का ठरत नाही.

हाशा : एक दुरुस्ती. उदाहरण घेणे मुळातच चूक, असा सूर लागतोय. १९३० आणि ४० च्या दशकांत नेदरलँड्समधल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांत 'उदाहरणवादी' (बायबलमधल्या व्यक्तींना वागण्याचा नमुना मानणारे) विरुद्ध 'तारण-इतिहासवादी' (उताऱ्याची तारणाच्या इतिहासातली जागा पाहणारे) असा मोठा वाद झाला, आणि दुसऱ्या बाजूचे काही उपदेश शेवटी नुसते इतिहासाचे तास झाले. पौल १ करिंथ १०:६ मध्ये अरण्यातल्या पिढीला आपल्यासाठी 'तुपोस'च म्हणतो. याकोब ५:१७ मध्ये एलीयाची प्रार्थना नमुना म्हणून येते. उदाहरण घ्यावे, पण ती व्यक्ती तारणाच्या इतिहासात कुठे उभी आहे हे पाहून.

अर्थशोधक : मग सुरुवात कुठून?

बोरू : प्रेषितांनी जुना करार कसा वापरला ते आधी पाहा : लूक २४, प्रेषितांची कृत्ये २ आणि १३, मग इब्री लोकांस पत्र, तेही सलग. त्यानंतर कण्याचे उतारे : उत्पत्ति ३, १२ आणि १५, निर्गम १९ ते २४, २ शमुवेल ७, यिर्मया ३१. मग एकच उतारा घेऊन तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त त्या पुस्तकातला अर्थ. दुसरीत, त्या टप्प्यापर्यंत कोणती वचने दिली गेली होती आणि कोणती अजून पुरी व्हायची होती. तिसरीत, नवा करार त्या धाग्याचे काय करतो. पहिली फेरी गाळणाऱ्यांचे सगळे उपदेश सारखेच ऐकू येतात : उतारा कोणताही असो, शेवटची पाच मिनिटे वधस्तंभावर, आणि ती कुठूनही उचलून कुठेही चिकटवता येतात.

ओनामा : राहिले 'ख्रिस्तकेंद्री' की 'ख्रिस्तकेंद्रित'?

हाशा : दोन्ही चालतात. 'केंद्रित' म्हटले की बाहेरून कोणी केंद्राकडे वळवल्यासारखे वाटते, 'केंद्री'त केंद्र मुळातच आहे. वरची चर्चा पाहता मी 'केंद्री' लिहीन.